विकतचं ऊन

तीर्थपुरीत उन्हाला कुणी किंमत देत नाही. होळी झाली की ते अंगावर यायला लागतं, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं सरकतो आणि शेतात गेलेला माणूस अकरा वाजायच्या आत लिंबाखाली येऊन बसतो. पुण्यात मात्र मी हेच ऊन बल्बमधून आणि नळीतून विकत घेतलेलं पाहिलं. तेही एका हिरव्या सरड्यासाठी, ज्याचं मूळ घर मेक्सिकोपासून ब्राझील-पॅराग्वेपर्यंतच्या जंगलांत आहे. त्याचं नाव इग्वाना. त्याच्या पायी माझी बरीच वर्षं गेली, आणि आजही एक इग्वाना माझ्या घरामागच्या जाळीत राहतो.

माझं शिक्षण पशुसंवर्धनाच्या पदविकेपुरतं. गाय-म्हैस, शेळी, कृत्रिम रेतन, लसीकरण, एवढ्यासाठी मी तयार झालो होतो. गावात लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून थकलो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, जनावरं विकली गेली नाहीतर छावणीत गेली. जनावरच नाही तर माझ्यासारख्यानं करायचं काय? मी पुणं गाठलं आणि उपनगरातल्या एका खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून लागलो. तिथल्या डॉक्टरांना परदेशी सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण होती. त्यामुळं कुत्र्या-मांजरांच्या रांगेत कुणी खोक्यात बॉल पायथन घेऊन बसलेला असायचा, कुणाच्या डब्यात लेपर्ड गेको असायचा. माझ्या वाट्याला इग्वाना आले. कारण साधं होतं. वाढलेला इग्वाना धरायला मनगटात जोर लागतो, आणि वासरं धरून माझ्या मनगटाला त्याची सवय होती.

विकायला येतो तेव्हा तो असतो वीतभर, पोपटी रंगाचा, बोटावर बसणारा. घेणारा विचारतो, "केवढा होतो हा?" आणि दुकानदार सांगतो, "टाकी जेवढी, तेवढाच." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की ते कुठंतरी छापून वाटलं असावं असा मला संशय आहे. खरं असं की तीनेक वर्षांत तो शेपटीसकट चार-पाच फुटांचा होतो. नर त्याहूनही लांब. त्यातली निम्म्याहून जास्त लांबी शेपटीची असते, पण ती शेपटीही कुठंतरी मावायला हवी ना. दोन फुटी काचेच्या टाकीत त्याला ठेवला तर तो लहान राहत नाही, वाकडा होतो.

दवाखान्यात मी पहिली गोष्ट शिकलो ती हात कुठून न्यायचा. इग्वानाच्या माथ्यावर, दोन डोळ्यांच्या मागं, फिकट खवल्यासारखा एक ठिपका असतो. तो तिसरा डोळाच. त्याला आकृती दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. घार-ससाण्यासारखा पक्षी वरून येतो, म्हणून वरून पडलेली सावली म्हणजे मरण, एवढं त्याला जन्मतः ठाऊक असतं. माणूस नेमका तसाच हात घालतो, वरून. मग शेपटीचा फटका बसतो, आणि तो फटका ज्याला बसला आहे तो दुसऱ्या वेळी बाजूनंच हात नेतो. खालून, पोटाखाली तळवा सरकवून, चारही पायांना आधार देऊन उचललं की तो बराचसा निमूट राहतो. शेपटी धरून ओढली तर ती तुटून हातात येते आणि तिथंच वळवळत राहते. नवी उगवते, पण आखूड, काळपट आणि मूळच्या नक्षीविना.

निमूट राहणं म्हणजे काय, यावर मात्र माझं आणि पाळणाऱ्यांचं कधी जमलं नाही. एक आजी त्यांच्या इग्वानाला मांडीवर घेऊन रांगेत बसायच्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला की तो डोळे मिटायचा. "बघा, कसा डोळे मिटून लाड करून घेतोय," त्या कौतुकानं सांगायच्या. डॉक्टरांनी एकदा हळूच सांगितलं की नकोशी वाटणारी गोष्ट टाळता येत नसेल तर हा प्राणी डोळे मिटून घेतो. आजींना ते पटलं नाही, आणि डॉक्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मलाही तेव्हा डॉक्टर कोरडे वाटले. पुढं शेकड्यानं इग्वाना हातातून गेल्यावर माझं मत बनलं ते असं: तो माणूस ओळखतो, यात शंका नाही. रोजचा माणूस आणि परका माणूस यांत तो फरक करतो. परका दिसला की गळ्याखालचा पडदा ताणतो, अंग चपटं करून मोठा दिसायला बघतो, मान वरखाली झटकतो. रोजच्या माणसापुढं हे काही करत नाही. पण ओळखणं वेगळं आणि जीव लावणं वेगळं. कुत्र्यानं माणसाबरोबर हजारो वर्षं काढली आहेत. इग्वानाच्या मागच्या पिढ्या झाडावर पानं खात बसल्या होत्या, त्यांचा आपला काही संबंध आला नाही.

काही तक्रारी गमतीच्या असत. "सारखा शिंकतो, काचेवर पांढरं काहीतरी उडतं, सर्दीचं औषध द्या." ती सर्दी नसते. त्याच्या नाकात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. अंगातलं जादा मीठ तो शिंकून टाकतो आणि ते काचेवर वाळून पांढरं दिसतं. कात एकदम न निघता तुकड्यातुकड्यानं निघते, तेव्हाही लोक त्वचारोग म्हणून धावत यायचे. एका घरी तर वर्षानुवर्षं 'राजा' म्हणून वाढवलेल्यानं खाणं सोडलं, पोट फुगलं, आणि एक्स-रेत अंडीच अंडी दिसली. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी धरते, एकेका वेळी वीस-तीस, कधी त्याहून बरीच जास्त. जंगलात ती माती उकरून बीळ करते. फ्लॅटमध्ये फरशी उकरणार कशी? जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. त्या घरच्यांना आम्ही प्लास्टिकच्या मोठ्या टबात ओली माती आणि वाळू भरून ठेवायला सांगितलं. राजानं त्यात अंडी घातली. नाव काही त्यांनी बदललं नाही.

नर वयात आला की दुसरा त्रास. वर्षातला एक हंगाम येतो, अंगावर नारिंगी झाक चढते, मांडीच्या आतल्या बाजूची छिद्रं मोठी होऊन त्यातून मेणासारखं काही बाहेर येतं आणि कालपर्यंत खांद्यावर बसणारा घरातल्याच माणसावर धावून जातो. त्याचे दात बारीक पण करवतीसारखे असतात, पानं कापायला घडलेले. हाताला लागले की टाके पडतात. अशा हंगामात पुष्कळ इग्वाना नकोसे होत. "हा बिघडला," म्हणत लोक आणून सोडायचे.

पण या सगळ्यापेक्षा ज्या आजारानं मला या कामाचं मर्म दाखवलं तो हाडांचा.

एक तरुण जोडपं आलं होतं. दोघं नोकरदार, वाचून-बघून प्राणी घेतलेले, बोलण्यात हुशार. इग्वाना जेवायचा कमी झाला एवढीच तक्रार. नवरा मला दाखवत होता, "मांड्या बघा कशा भरल्यात, तब्येत चांगली आहे हो." डॉक्टरांनी बोटानं खालचा जबडा दाबला. तो रबरासारखा वाकला. मांड्या भरल्या नव्हत्या. आतलं हाड पोकळ होत चाललं होतं आणि ते सावरायला शरीरानं त्याच्याभोवती तंतूंचा थर चढवला होता. तोच फुगवटा. बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी विचारलं, ऊन देता का? दोघं एकदम म्हणाले, रोज, खिडकीशी ठेवतो, चांगलं तीन-चार तास.

खिडकी बंद होती. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ज्या अतिनील किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ती काच अडवते. ते जीवनसत्त्व नाही तर आतड्यातून कॅल्शियम अंगात शिरत नाही. कॅल्शियम नाही तर शरीर रक्तातली गरज भागवायला हाडांतून उचल घेतं. त्यात जेवण पालकाचं. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलंच ऑक्झॅलेट त्याला बांधून ठेवतं. जोडप्यानं जीव ओतला होता, हयगय काडीची नव्हती, आणि प्राणी त्यांच्या डोळ्यांदेखत उन्हाविना वाळला होता. बायको रडायला लागली. तिला काय सांगावं ते मला सुचेना.

त्यानंतर मी कुणाच्याही घरी इग्वाना बघायला गेलो की आधी प्राण्याकडं बघायचो नाही, वर बघायचो. बल्ब कोणता, किती उंचीवर, मध्ये काच की जाळी, कधी बदलला. अतिनील किरणांची नळी सहा महिने-वर्षभरात मंदावते; दिसायला मात्र लखलखीत पेटलेलीच असते, म्हणून कुणी बदलत नाही. मग तापमान. पेटीच्या एका टोकाला ३५ ते ३८ अंश, दुसऱ्या टोकाला दहा अंशांनी कमी, म्हणजे त्याला हवं तसं इकडून तिकडं सरकता येईल. रात्री चोवीसच्या आसपास. हवेत ओलावा. हे सगळं जमलं तर इग्वाना स्वतःचं स्वतः बघतो. हे जमलं नाही तर मांडीवर घेऊन काही उपयोग नाही. लोकांना वाटतं आपण प्राणी पाळतो. खरं तर त्याच्या जंगलातलं हवामान पाळायचं असतं, आणि ते पाळायला प्राण्यापेक्षा जास्त खर्च येतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

गाईगुरांच्या माणसाला हे लवकर उमजायला हवं होतं असं कुणी म्हणेल. उलट, गाईमुळंच मला उशीर लागला. गाय पाला खाते आणि कोठीपोटातल्या जिवाणूंकडून तो आंबवून घेते. इग्वानाही निव्वळ पालेखाऊ. त्याचे जिवाणू मागच्या मोठ्या आतड्यात असतात, घोड्यासारखे. अंड्यातून निघालेल्या पिल्लांच्या पोटात ते नसतात. जंगलात ती मोठ्या इग्वानांची विष्ठा खाऊन ते मिळवतात, दुधाला विरजण लावावं तसं. इथपर्यंत गाय आणि इग्वाना जवळजवळ एक. फरक पुढं आहे. गाय स्वतःची ऊब स्वतः तयार करते. पौषातल्या पहाटे गोठ्यात शिरलं की वाफ लागते ती तिच्या अंगाची. इग्वानाला ती ऊब बाहेरून आणावी लागते, आणि अंग पस्तीस-छत्तीस अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याच्या आतड्यातलं आंबवणं नीट होत नाही. म्हणजे थंड पेटीत ठेवून त्याला उत्तमातला पाला घातला तरी तो पोटात नुसता पडून राहतो. "खातो पण अंगी लागत नाही," ही तक्रार निम्म्या वेळा बल्बची असायची.

अजून एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती मी गावाकडच्या माणसांना अजूनही सांगतो. अमेरिकेत १९७५ साली मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना जंतुसंसर्ग दिला. असे आजारी सरडे मोकळे सोडले तर आपणहून जास्त गरम जागी जाऊन बसतात, म्हणजे ताप आणतात, कारण त्यांना आतून ताप येतच नाही. ज्यांना जास्त तापमान मिळालं त्यांतले जास्त जगले. ज्यांना थंड ठेवलं ते जास्त मेले. आणि आमच्याकडं आजारी इग्वाना एसीच्या खोलीत, मऊ दुलईवर ठेवून आणायचे.

२०२० च्या टाळेबंदीत दवाखान्याचं काम आटलं, पगार निम्म्यावर आला आणि मी तीर्थपुरीला परतायचं ठरवलं. त्याच दिवसांत एक कुटुंब कायमचं परदेशी निघालं होतं. त्यांचा तरणा नर इग्वाना कुणी घेईना. दवाखान्यात आधीच नकोसे झालेले चार होते. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेनं नोंद करायची मुभा दिली होती. त्या कुटुंबानं नोंद केलेली होती, तीच मग हस्तांतरणासह माझ्याकडं आली. पुढं वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमही आले. आता इग्वानासारखा आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या यादीतला प्राणी असेल तर परिवेश पोर्टलवर नोंद लागतेच. मेला, विकला, दुसऱ्याला दिला, तेही कळवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण मला ते बरं वाटतं. निदान घेणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.

गावात दोन दिवसांत बातमी पसरली: डॉक्टरनं पुण्याहून घोरपड आणली. बायका दाराशी यायच्या, पोरं भिंतीवर चढायची. एक आबा काठी टेकवत आले, बराच वेळ जाळीतून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "घोरपड काहून म्हणता रे हिला? हिच्या जिभंला दोन फाटे कुठं हायत?" आयुष्यभर गोदाकाठी हिंडलेला माणूस. जे माझ्या पुण्यातल्या शिकल्या-सवरल्या गिऱ्हाइकांना सांगावं लागायचं ते त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं होतं. घोरपडीची जीभ सापासारखी लांब आणि दुभंगलेली, सारखी आत-बाहेर करून वास टिपणारी. इग्वानाची जाड, मांसल. घोरपड शिकारी: किडे, उंदीर, अंडी, मेलेलं जनावर, सगळं खाणारी. इग्वाना पाल्यावर जगणारा. घोरपडीच्या पाठीवर इग्वानासारखे काटे नसतात, गालावर मोठी गोल चकतीही नसते.

सगळ्यांची नजर आबांइतकी तरबेज नव्हती. कुणीतरी कळवलं आणि वनखात्याचा माणूस आला. मी कागद दाखवले, प्राणी दाखवला. तो नीट माणूस होता, त्यानं सगळं बघितलं, फोटो काढले, आणि जाताना म्हणाला, "हे ठीक आहे, पण बघून कुणी पोरगं खरी घोरपड धरून आणील, त्याचं काय?" तो बोलला तसंच झालं.

आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की घोरपडी उघड्यावर पडतात. कालव्याचं पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला, उसात उंदीर वाढले आणि उंदरांमागं घोरपडी. तोडणीच्या वेळी फड कमी होत जातो आणि शेवटच्या पट्ट्यात जे असतं ते सगळं पळत सुटतं. एका पोरानं तिथून हातभर घोरपड पोत्यात घालून आणली. "डॉक्टर, तुमच्यासारखी पाळतो." त्याला मी रागावलो नाही, कारण कल्पना माझ्याच जाळीतून गेली होती. घोरपड आपल्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ती पकडणं, बाळगणं, मारणं, सगळ्याला किमान तीन वर्षं कैद. हे ऐकून पोरगं पांढरं पडलं. पोतं तसंच घेऊन आम्ही फडाच्या बांधाला गेलो, तोंड सोडलं. ती दोन पावलं चालली, थांबली, जीभ काढून वास घेतला आणि वारुळाच्या बाजूनं निघून गेली. आता त्या पोराकडं वनखात्याचा १९२६ हा क्रमांक असतो आणि विहिरीत पडलेली घोरपड दिसली की माझ्याआधी त्याला फोन येतो.

घोरपडीबद्दल लोकांच्या डोक्यात जे आहे ते काढणं इग्वाना सांभाळण्यापेक्षा अवघड. फुंकर मारली तरी माणूस मरतो, असं सांगणारे आहेत. तिच्या चाव्यानं जखम होते, पिकू शकते, पण माणूस सहसा मरत नाही. तेल सांधेदुखीला, मांस ताकदीला, कातडं दिमडीला. आणि पूजेच्या दुकानात 'हत्थाजोडी' नावाचं जे मूळ म्हणून विकलं जातं ते मूळ नाहीच. वन्यजीव संस्थांनी २०१७ मध्ये तपासून दाखवलं की ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. हे मी एका ओळखीच्याला सांगितलं. त्यानं तिजोरीतली हत्थाजोडी काढून टाकली की आणखी आत ठेवली, ते मला कळलं नाही. शाळेतली पोरं मात्र न चुकता तानाजी आणि त्याच्या यशवंती घोरपडीची गोष्ट काढतात. मी त्यांना सांगतो, गोष्ट चांगली आहे, सांगा. पण घोरपडीला दोर बांधून बघू नका.

इग्वानाला तीर्थपुरी मानवली. पुण्यात जे मीटर फिरवून मिळायचं ते इथं अंगणात पडलेलं होतं. घरामागं लिंबाच्या सावलीला लागून तारेची मोठी जाळी केली, आत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. जाळी अशी की सकाळी अर्ध्या भागात ऊन आणि दुपारी सगळ्यावर सावली. ही सावली महत्त्वाची. उन्हाचा प्राणी म्हणून लोक समजतात त्याला कितीही ऊन चालतं. बेचाळीस अंशांत सावली आणि पाणी मिळालं नाही तर तो तासाभरात मरेल. मे महिन्यात जाळीवर ओलं गोणपाट टाकतो. पाण्याच्या टाकीत तो स्वतः उतरतो, पाय अंगाला चिकटवून नुसत्या शेपटीनं पोहतो.

खाण्याचं तर पुण्यापेक्षा इथं सोपं. तिथं आम्ही लोकांना परदेशी पालेभाज्यांची नावं लिहून द्यायचो. इथं शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळा, आणि गाईसाठी लावलेला लसूणघास. शेवग्यात आणि लसूणघासात कॅल्शियम भरपूर. शेजारी पहिल्यांदा हसले: "गाईचं वैरण सरड्याला?" मी म्हटलं, दोघांचं पोट सारखंच चालतं. पहिल्या दोन वर्षांत त्याचा रंग उजळला आणि कात वेळेवर निघायला लागली. कॅल्शियमची भुकटी मी हळूहळू कमी केली.

हिवाळा मात्र खातो. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पहाटे पारा दहाच्या खाली जातो. रात्री त्याला आत घेऊन उबेचा दिवा लावावा लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला सगळ्यांच्या मोटारी चालू होतात आणि डीपी जळते. डीपी जळाली की दोन दिवस, कधी आठ दिवस वीज नाही. पहिल्या हिवाळ्यात आईनं मायेनं त्याच्यावर गोधडी टाकली. तिला समजावताना मलाही नीट समजलं. गोधडी ऊब देत नाही, अंगातली ऊब धरून ठेवते. ज्याच्या अंगात ऊबच तयार होत नाही त्याला गोधडीत गुंडाळणं म्हणजे गार ठेवणं. तेव्हापासून चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरतो, फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवतो, वर गोधडी. रात्रीतून एकदा उठून पाणी बदलावं लागतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हेच इग्वाना मोकाट झाले आहेत. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या हवामान खात्यानं लोकांना सावध केलं होतं की थंडीनं गारठलेले इग्वाना झाडावरून खाली पडतील. मेलेले वाटतात, ऊन लागलं की उठून चालायला लागतात.

फ्लोरिडाची गोष्ट मला दुसऱ्या कारणानं सांगावी लागते. "एवढा त्रास कशाला, द्या कॅनॉलला सोडून, जगंल तिकडं," असं मला कितीतरी जणांनी सुचवलं. जगेल, हीच अडचण. फ्लोरिडात, पोर्तो रिकोत, तैवानात असेच पाळलेले सुटले आणि आता आवरत नाहीत. १९९५ च्या वादळांनंतर किमान पंधरा इग्वाना उन्मळलेल्या झाडांच्या तराफ्यावरून समुद्र ओलांडून अँग्विला बेटावर पोचले आणि तिथं टिकले. जो प्राणी समुद्र पार करतो त्याला जायकवाडीचा डावा कालवा काय अवघड? ऊन आहे, पाणी आहे, पाला आहे.

लोक विचारतात, तुम्हाला ओळखतो का? ओळखतो. जास्वंदीचं फूल दिसलं की जाळीजवळ येतो. फूल माझ्या पुतण्याच्या हातात असलं तरी येतो. मला त्याचं आता काही वाटत नाही. हात लावणंही मी जवळजवळ सोडलं आहे. तपासायला उचलतो तेवढंच, आणि नंतर साबणानं हात धुतो, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो. घरात लहान लेकरू आहे, त्याला जाळीपाशी एकटं जाऊ देत नाही. पुण्यातून अजूनही फोन येतात. "घ्यावा का?" मी विचारतो, घर भाड्याचं का स्वतःचं? पुढच्या पंधरा वर्षांत कुठं असाल? लाइट गेली तर काय कराल? बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाच्या आत फोन ठेवतात. एकानं तिन्हीची उत्तरं दिली आणि घेतलाही. त्याचे फोटो येतात, जबड्याला धरून बघायला मी त्याला शिकवलं आहे.

नीट सांभाळला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो. माझा आता मध्यावर आहे. गुरांमागं मी दिवसभर फिरतो, त्याचं रोजचं काम पुतण्याच करत आला. नळी बदलायची तारीख त्याला माझ्यापेक्षा आधी आठवते, अंगावरच्या नारिंगी रंगावरून हंगाम तोच ओळखतो. यंदा तो बारावी झाला आणि त्याला पुण्याला कॉलेज करायचं आहे. परवा मी विषय काढला की तू गेल्यावर कसं करायचं. तो म्हणाला, "काका, नळ्या मी तिकडून पाठवीन. पण जाळी तुम्हीच झाडायची."